हृदयविकाराच्या झटक्यानंतर संप्रेरकांची धावाधाव

हृदयविकाराचा झटका ही हृदयाच्या स्नायूला झालेली जखम आहे. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या एखाद्या रोहिणीतला चरबीचा थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि तिच्या पुढच्या स्नायूचा पुरवठा तुटतो. मिनिटभरातच तो भाग आकुंचन पावेनासा होतो. वीस मिनिटे ते अर्धा तास उलटला की आतल्या थरातल्या पेशी कायमच्या मरू लागतात आणि पुढच्या काही तासांत हे मरण बाहेरच्या थराकडे सरकत जाते. इथवरची हकिकत बहुतेकांना ठाऊक असते. त्याच वेळी हृदयाबाहेर काय सुरू होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. मेंदू, मूत्रपिंडे, मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी, स्वादुपिंड, अवटू (थायरॉइड) ग्रंथी आणि खुद्द हृदय यांच्याकडून रक्तात संप्रेरकांची मोठी उलथापालथ होते. रुग्णाला फुटलेला थंड घाम, रुग्णालयात अचानक ‘निघालेली’ साखर, काही आठवड्यांनी पायांवर आलेली सूज आणि घरी जाताना हातात पडलेल्या चिठ्ठीवरच्या बऱ्याच गोळ्या या सगळ्यांचा उलगडा या संप्रेरकांत आहे.

या प्रतिसादाच्या मुळाशी एक गैरसमज आहे, आणि तो शरीराचा आहे. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या रोहिण्यांच्या भिंतींत दाब मोजणारी चेतातंतूंची टोके असतात. हृदयाचा एक भाग थंडावला की दाब घसरू लागतो आणि ही टोके मेंदूला खबर देतात. दाब का घसरला, हे त्यांना सांगता येत नाही. माणसाच्या लाखो वर्षांच्या इतिहासात दाब घसरण्याची कारणे ठरलेली होती: जखमेतून रक्त वाहून जाणे, जुलाब-उलट्या, पाणी न मिळणे. शरीर त्याच संकटाच्या तयारीला लागते. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयाला वेग दिला जातो, मीठ आणि पाणी धरून ठेवले जाते, रक्त चटकन गोठेल अशी व्यवस्था होते, साठ्यातली साखर बाहेर काढली जाते. रानडुकराने मांडी फाडलेल्या शिकाऱ्याला हे सगळे वाचवते. पण इथे रक्त कुठेच सांडलेले नाही. जखमी झाला आहे तो ते वाहून नेणारा पंपच. त्याला वेग देणे आणि त्याच वेळी त्याच्यापुढच्या वाहिन्या आवळणे म्हणजे लंगड्या बैलाला पराणी टोचत चढावर घालणे.

रायपूरच्या समता कॉलोनीतली मे महिन्यातली एखादी सकाळ घ्यावी. शेजारच्या चौबे कॉलोनीत १९३५ साली स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ आहे, तेव्हा या भागात मराठी कानावर पडण्यात नवल नाही. साठीतल्या एका गृहस्थांना आंघोळ आटोपताना छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखे वाटते. रायपूरच्या मराठीत ते ‘घबराहट होतेय’ एवढेच म्हणतात. पित्त झाले असेल, इनो घ्या, असा सल्ला घरातून येतो. डोक्यावर पंखा फिरत असतो, तरी कपाळ डबडबते आणि बनियन पाठीला चिकटते. मे महिन्यात रायपुरात घाम कोणाला येत नाही? म्हणूनच इथे तो नीट ओळखता आला पाहिजे. उन्हाच्या घामात कातडी लालसर आणि गरम असते, कारण अंगातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेतल्या वाहिन्या फुललेल्या असतात. झटक्याच्या घामात चेहरा राखेसारखा, बोटे गार आणि कातडी चिकट लागते. वाहिन्या आवळल्या आहेत आणि घामाच्या ग्रंथी मात्र पूर्ण सुटल्या आहेत, ही जोडी उष्णतेने होत नाही. दोन्ही कामे एकाच चेतासंस्थेची आहेत. तिला अनुकंपी चेतासंस्था म्हणतात, आणि कपाळावरचा तो गार घाम म्हणजे ती पेटून उठल्याची उघड्या डोळ्यांना दिसणारी खूण. अशा घामावर इनो हे उत्तर नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका हे उत्तर आहे.

वेळ नेमकी इथेच जाते. भारतातल्या ५० शहरांतल्या ८९ रुग्णालयांत वीस हजारांवर रुग्णांची नोंद ठेवणारी ‘क्रिएट’ ही पाहणी २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. लक्षण सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंत मोठ्या झटक्याच्या रुग्णांना लागलेला मध्यम वेळ तिच्यात ३६० मिनिटे भरला. सहा तास. समता कॉलोनीसारख्या शहराच्या आतल्या वस्तीतून मेकाहारा काय किंवा टाटीबंधचे एम्स काय, दोन्ही गाडीच्या टप्प्यात आहेत. (मेकाहारा हे नाव ऐकून परगावचा माणूस बुचकळ्यात पडतो; ‘मेडिकल कॉलेज हॉस्पिटल रायपूर’ची ती हिंदी आद्याक्षरे आहेत, आणि रुग्णालयाचे औपचारिक नाव डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय असे आहे.) अंतर कमी असूनही ‘थोडं बघू या’ म्हणण्यात तास जातात, आणि तेवढ्या तासांत संप्रेरकांचा पहिला आणि सर्वांत धोक्याचा लोंढा येऊन गेलेला असतो.

हा पहिला लोंढा ॲड्रेनॅलिन आणि नॉरॲड्रेनॅलिन यांचा. जोकिची ताकामिने यांनी १९०१ साली ॲड्रेनॅलिन शुद्ध स्वरूपात मिळवले. नॉरॲड्रेनॅलिन हे चेतातंतूंच्या टोकांतून सुटणारे द्रव्य आहे, हे स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी १९४६ साली दाखवले. अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यातून मुख्यतः पहिले येते, हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर पसरलेल्या तंतूंतून दुसरे. वेदना आणि भीती या दोन्हींनी त्यांचा स्राव वाढतो, म्हणून झटक्यातल्या रुग्णाची वेदना शमवणे आणि त्याला शांत ठेवणे ही केवळ माणुसकी नाही, ते उपचारच आहेत. खाटेभोवती रडारड करणारे नातेवाईक नकळत रुग्णाच्या रक्तात ॲड्रेनॅलिनची भर घालत असतात.

रक्तातली पातळी वाढते ही अर्धीच गोष्ट झाली. रक्त तुटलेल्या स्नायूच्या आत जे घडते ते अधिक भयंकर आहे, आणि ते उलगडले १९८० च्या दशकात जर्मनीत, आल्बेर्ट शोमिग यांच्या प्रयोगशाळेत. एरवी तंतूच्या टोकाशी एक छोटा पंप असतो. सांडलेले नॉरॲड्रेनॅलिन तो पुन्हा आत ओढून घेतो. प्राणवायू मिळेनासा होऊन दहा-पंधरा मिनिटे झाली, की तंतूतली ऊर्जा संपते, आत सोडियम साचते आणि हा पंप उलटा चालू लागतो. साठा भसाभस बाहेर पडतो. मेंदूचा आदेश नसताना, जागच्या जागी, मरणाच्या दारात असलेल्या पेशींभोवती नॉरॲड्रेनॅलिनचे प्रमाण रक्तातल्यापेक्षा शेकडो पटींनी वाढते. विजेच्या तारा उघड्या पडलेल्या घरात पाणी शिरावे तसा हा प्रकार.

परिणाम एकमेकांवर चढत जातात. ठोके वाढतात, म्हणजे प्राणवायूची मागणी वाढते. ती भागवणारी रोहिणी तर बंद आहे. चरबीच्या पेशींतून मेदाम्ले सुटतात आणि स्नायू साखरेऐवजी ती जाळू लागतो. तेवढ्याच ऊर्जेसाठी त्याला जास्त प्राणवायू लागतो. रक्तातल्या बिंबिका एकमेकींना चिकटू लागतात, गुठळी वाढायला मदत होते. ॲड्रेनॅलिन रक्तातले पोटॅशियम पेशींच्या आत ढकलते, त्यामुळे हृदयाची विद्युतघडी आणखी विस्कटते. अखेरीस ठोक्यांची लय तुटून जवनिका, म्हणजे हृदयाचा खालचा कप्पा, नुसती थरथरू लागते. रुग्णालय गाठण्याआधीच गेलेल्या कितीतरी माणसांचा शेवट या थरथरीने होतो. पहाटेपासून दुपारपर्यंत झटके जास्त येतात, हे जेम्स म्युलर आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली आकड्यांनिशी मांडले. जागे होऊन उठून बसताना अनुकंपी चेतासंस्था रोजच उसळी घेते, कॉर्टिसॉलही त्याच सुमारास शिखरावर असते. ज्याची रोहिणी आधीच अरुंद आहे त्याला ही रोजची उसळी कधी तरी जड जाते.

या लोंढ्याला बांध घालायची कल्पना स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅक यांची. हृदयाच्या पेशींवर ॲड्रेनॅलिन जिथे बसते ती जागाच अडवायची, या विचारातून त्यांनी प्रोप्रॅनोलॉल घडवले, आणि १९८८ च्या नोबेल पुरस्कारात त्यांना वाटा मिळाला. झटक्यानंतर अशा गोळ्या दिल्या तर काय होते? नॉर्वेत १९८१ साली टिमोलॉलने मृत्यू सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. १९८२ साली अमेरिकेत ३८३७ रुग्णांच्या चाचणीत प्रोप्रॅनोलॉलने २६ टक्क्यांनी. बीटा ब्लॉकर हे तेव्हापासून झटक्यानंतरच्या चिठ्ठीवरचे ठरलेले नाव झाले. पण चीनमधल्या ४५,८५२ रुग्णांच्या चाचणीने २००५ साली एक अवघड धडा दिला. पहिल्याच दिवशी शिरेतून मेटोप्रोलॉल दिल्याने लय बिघडून होणारे मृत्यू कमी झाले, तर हृदय पार खचून रक्तदाब कोसळण्याचे प्रसंग वाढले. काही रुग्णांचे हृदय त्या पराणीच्या टोचणीवरच कसेबसे उभे असते. ती एकदम काढून घेतली की ते बसते. स्वीडन, एस्टोनिया आणि न्यूझीलंड इथल्या ५०२० रुग्णांचा २०२४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास तर असे सांगतो, की रोहिणी वेळेत उघडली आणि हृदयाची पंपशक्ती शाबूत राहिली, तर बीटा ब्लॉकर दिल्याने मृत्यू किंवा पुढचा झटका कमी होत नाही. चाळीस वर्षांपूर्वीचे निकाल खोटे नव्हते. तेव्हा रोहिणी उघडण्याची सोयच नव्हती, जखमा मोठ्या राहत आणि संप्रेरकांचा मारा लांबत असे. पंपशक्ती घटलेल्या रुग्णाला या गोळीची गरज आजही तितकीच आहे.

ॲड्रेनॅलिन मिनिटांत येते, कॉर्टिसॉल त्यामागून सावकाश. हायपोथॅलॅमसने पीयूषिका ग्रंथीला इशारा द्यायचा, तिने एसीटीएच हे संप्रेरक रक्तात सोडायचे आणि त्याने अधिवृक्क ग्रंथीच्या सालीकडून कॉर्टिसॉल करवून घ्यायचे, अशी ही टप्प्याटप्प्याची रीत आहे. निरोगी माणसात ते सकाळी सर्वाधिक आणि मध्यरात्री सर्वांत कमी असते. मोठ्या झटक्यानंतर ही दिवसरात्रीची लय पुसली जाते; रात्री बारालाही सकाळसारखी पातळी सापडते. जखम जितकी मोठी, तितकी पातळी वरची.

घरच्यांना हे कळते ते साखरेच्या रूपाने. ‘त्यांना तर कधीच शुगर नव्हती’, हे वाक्य हृदयविभागाच्या बाहेरच्या बाकांवर नेहमी ऐकू येते. कॉर्टिसॉल, ॲड्रेनॅलिन आणि स्वादुपिंडातले ग्लुकागॉन ही तिन्ही यकृताला साखर सोडायला लावतात. वरून ॲड्रेनॅलिन स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटूच देत नाही. इन्सुलिन कमी आणि साखर जास्त, असे तात्पुरत्या मधुमेहाचे चित्र तयार होते. ते तात्पुरतेच असेल असे मात्र गृहीत धरू नये. स्वीडनमध्ये आधी मधुमेह माहीत नसलेल्या १८१ रुग्णांची झटक्यानंतर ग्लुकोज पाजून तपासणी केली, तेव्हा सुटकेच्या वेळी ३१ टक्क्यांना मधुमेह आणि आणखी ३५ टक्क्यांना त्याच्या उंबरठ्यावरची स्थिती निघाली. संप्रेरकांनी मधुमेह निर्माण केला नव्हता, झाकलेला दोष उघडा केला होता.

नवी साखर आणि जुनी साखर वेगळी करण्यासाठी एचबीएवनसी ही तपासणी करतात. ती मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगते, ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेह झटक्याच्या आधीपासूनचा समजावा. छत्तीसगड आणि विदर्भ या पट्ट्यात मात्र इथे एक खाच आहे. सिकलसेलचा जनुक या भागात बराच आढळतो, आणि सिकलसेलच्या रुग्णात तांबड्या पेशी लवकर मरत असल्याने हा आकडा फसवा येतो. अशा वेळी उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर काही आठवड्यांनी पुन्हा पाहणे हाच खात्रीचा मार्ग.

आता मूत्रपिंडांकडे. झटक्यानंतरच्या संप्रेरकांत सर्वांत लांब चालणारा आणि शेवटी सर्वांत जास्त नुकसान करणारा खेळ तिथला आहे. १८९८ साली स्टॉकहोममध्ये रॉबर्ट टिगरस्टेट आणि पेर बेर्गमान यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला आणि त्याचा रक्तदाब चढला. त्या द्रव्याला त्यांनी रेनिन म्हटले. पुढे साखळी उलगडली: रक्ताचा दाब कमी झाला की मूत्रपिंड रेनिन सोडते, रेनिनमुळे अँजिओटेन्सिन-१ तयार होते, फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत विपुल असलेले एसीई हे विकर त्याचे अँजिओटेन्सिन-२ करते. ते रक्तवाहिन्या जबर आवळते आणि अधिवृक्क ग्रंथीच्या सालीला अल्डोस्टेरॉन सोडायला लावते. अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडात मीठ अडवते, पोटॅशियम बाहेर टाकते. मिठामागोमाग पाणी राहतेच.

पहिले दोन दिवस याने रक्तदाब सावरतो, एवढे श्रेय त्याला द्यायला हवे. पण अँजिओटेन्सिन-२ आणि अल्डोस्टेरॉन ही संप्रेरके नुसता दाब वाढवून थांबत नाहीत. ती स्नायूत तंतुमय ऊती वाढवतात, निरोगी भागावरही. मेलेल्या जागी व्रण तयार होत असतो, तो कोवळा भाग दाबाखाली ताणतो आणि डावी जवनिका आठवड्या-महिन्यांत हळूहळू फुगत जाते. आंब्यासारखा निमुळता आकार जाऊन चेंडूसारखा गोल होतो, आणि गोल जवनिका नीट पिळली जात नाही. हृदय निकामी होण्याची वाट इथून जाते.

ही साखळी तोडणारे औषध सापाच्या विषातून आले. ब्राझीलच्या सेर्जिओ फेरेरा यांना जराराका या विषारी सापाच्या विषात ब्रॅडिकायनिनचा परिणाम वाढवणारा घटक १९६५ साली सापडला. एसीई हे विकर ब्रॅडिकायनिनही तोडते. विषातला घटक त्या विकरालाच अडवत होता. त्यावरून डेव्हिड कुशमन आणि मिगेल ऑन्डेट्टी यांनी स्क्विब कंपनीत कॅप्टोप्रिल रचले. १९८१ साली त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली. मार्क आणि जॅनिस फेफर यांनी झटका आणवलेल्या उंदरांना ते दिले, तेव्हा जवनिका कमी फुगल्या. मग माणसांची पाळी आली. ‘सेव्ह’ चाचणीत पंपशक्ती घटलेल्या २२३१ रुग्णांत कॅप्टोप्रिलने मृत्यू १९ टक्क्यांनी कमी केले, हा निकाल १९९२ चा. रॅमिप्रिल, एनालाप्रिल ही त्याच घराण्यातली नावे. या गोळ्यांनी काहींना रात्रभर सुका खोकला येतो, तो फुप्फुसाचा आजार नसून न तुटलेल्या ब्रॅडिकायनिनचा प्रताप असतो. त्यावर खोकल्याचे औषध पीत बसण्यापेक्षा डॉक्टरांना सांगावे. व्हॅल्सार्टनसारखी दुसऱ्या ठिकाणी अडवणारी गोळी झटक्यानंतर कॅप्टोप्रिलच्या तोडीची ठरलेली आहे.

अल्डोस्टेरॉनला वेगळे अडवावे लागते. ६६३२ रुग्णांच्या ‘एफेसस’ चाचणीत २००३ साली एप्लेरेनोनने मृत्यू १५ टक्क्यांनी घटले. ते सगळे रुग्ण कमी पंपशक्तीचे आणि हृदय थकल्याची लक्षणे किंवा मधुमेह असलेले होते. सरसकट सर्व झटकेवाल्यांना त्याच जातीचे स्पायरोनोलॅक्टोन द्यावे का, याचे उत्तर २०२४ साली सात हजारांवर रुग्णांच्या चाचणीने ‘फायदा दिसत नाही’ असे दिले. बीटा ब्लॉकरचीच गोष्ट पुन्हा: जिथे संप्रेरक अजून पेटलेले आहे तिथेच त्याला विझवण्यात अर्थ असतो.

स्वयंपाकघराशी याचा संबंध थेट आहे. अल्डोस्टेरॉन चढलेले असताना ताटातले मीठ शरीर सोडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा निरोगी प्रौढालाही दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. वरणभातावर पिळलेल्या लिंबाने काही बिघडत नाही. बाजूचे लोणचे, सांडगी मिरची, पापड आणि छत्तीसगडी शेजाऱ्याकडून आलेली बिजौरी यांनी हिशेब हुकतो. रात्री पाण्यात घातलेल्या भाताची बोरे-बासी उन्हाळ्यात थंडावा देते खरी, पण मीठ आणि लोणच्यासकट तिचा हिशेब वेगळा. दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे ‘लो सोडियम’ मीठ आणणे. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते, आणि रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्याचे मूत्रपिंड आधीच पोटॅशियम धरून ठेवत असते. नारळपाण्याचेही तेच. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी मीठ-पाणी अडवते, मूत्रपिंडाला इजा करते आणि पुढच्या झटक्याची शक्यता वाढवते, तेव्हा तिचे नाव काढू नये.

पाणी धरून ठेवणारे आणखी एक संप्रेरक, व्हॅसोप्रेसिन, पीयूषिकेच्या मागच्या भागातून सुटते. ते मिठाशिवाय नुसते पाणी अडवते, म्हणून झटक्यानंतर रक्तातले सोडियम घसरू लागले तर डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडते. तो पाण्याचा भर आहे आणि हृदय थकल्याचा इशारा आहे. व्हॅसोप्रेसिन स्वतः मोजायला अवघड, पण त्याच्यासोबत सुटणारा कोपेप्टिन हा तुकडा टिकाऊ असतो आणि जखमी हृदयस्नायूतून रक्तात येणारे ट्रोपोनिन वाढायच्या आधी, पहिल्या तासांतच वर जातो. त्यावर निदानाची एक पद्धत उभी राहिली होती. अतिसंवेदनशील ट्रोपोनिन तपासणी आल्यावर तिचे महत्त्व ओसरले.

या गर्दीत एकच संप्रेरक उलट दिशेने काम करते, आणि ते हृदय स्वतः बनवते. कर्णिकांच्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या, स्नायूंत ग्रंथीसारखे कण दिसतात, हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने १९५० च्या दशकातच दाखवले होते. ते कशासाठी, हे कोडे कॅनडातल्या किंग्स्टनमध्ये अडोल्फो दे बोल्ड यांनी सोडवले. १९८१ साली त्यांनी उंदराच्या कर्णिकांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला आणि काही मिनिटांत त्यांच्या लघवीतून मीठ-पाणी वाहू लागले. पंप म्हणून ओळखले जाणारे हृदय ग्रंथीही निघाले. १९८८ साली जपानी संशोधकांना डुकराच्या मेंदूत या अर्कातल्या संप्रेरकाचे भावंड सापडले, म्हणून त्याच्या नावात ‘ब्रेन’ आला आणि बीएनपी हे नाव रूढ झाले. प्रत्यक्षात ते मुख्यतः जवनिकांत तयार होते. नाव चुकले ते कायमचे चुकले.

जवनिका ताणली गेली की बीएनपी सुटते. ते वाहिन्या सैल करते, मीठ बाहेर घालवते, रेनिन आणि अल्डोस्टेरॉनला आवरते. छोट्या झटक्यात त्याची एकच लाट येते, साधारण सोळा तासांनी. मोठ्या झटक्यात पाचव्या दिवसाच्या सुमारास दुसरी लाट उठते, आणि ती फुगू लागलेल्या जवनिकेची हाक असते. मग एवढे चांगले संप्रेरक बाहेरूनच का टोचू नये? तेही करून झाले. सात हजारांवर थकलेल्या हृदयांच्या रुग्णांना बनावट बीएनपी दिले. २०११ साली कळले की मृत्यू कमी झाले नाहीत. त्याला मोडणारे विकर अडवण्याची युक्ती अधिक फळली: सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन ही गोळी दीर्घकाळ थकलेल्या हृदयात एनालाप्रिलपेक्षा सरस ठरली, पण नुकत्याच झटका आलेल्या ५६६१ रुग्णांत २०२१ साली रॅमिप्रिलपेक्षा तिचा निर्णायक फायदा दिसला नाही. बीएनपीसोबत सुटणाऱ्या एनटी-प्रोबीएनपी या तुकड्याचे रक्तातले प्रमाण मोजणे मात्र आज रुळले आहे.

अवटू ग्रंथीचा प्रतिसाद हा माघारीचा असतो. झटक्यानंतरच्या तीन-चार दिवसांत तिचे टी-३ हे संप्रेरक घसरते, निष्क्रिय ‘उलटे टी-३’ वाढते आणि तिला चालवणारे पीयूषिकेचे टीएसएच बहुधा जागेवर राहते. संकटात घरखर्च आवरावा तसे शरीर इंधन आवरते. रुग्णालयातला हा एक अहवाल पाहून थायरॉइडची गोळी सुरू करू नये. सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तपासावे. टीएसएच किंचित वाढलेल्या रुग्णांनाही झटक्यानंतर थायरॉक्सिन देऊन पंपशक्ती सुधारत नाही, असे २०२० साली ब्रिटनमधल्या चाचणीत दिसले. पुरुषांत टेस्टोस्टेरॉनही काही काळ उतरते; थकवा, उदासी आणि इच्छा मंदावणे यांत त्याचा थोडा वाटा असतो.

रोहिणी लवकर उघडलेल्या, लहान जखमेच्या रुग्णात ही सगळी उसळी आठवड्याभरात बऱ्याच अंशी ओसरते. मोठ्या जखमेत रेनिन-अल्डोस्टेरॉनची साखळी महिनोन् महिने तापलेली राहते आणि रुग्णाला काही जाणवत नाही. बरे वाटते म्हणून गोळ्या सोडणारे याच काळात फसतात. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, वजनकाट्यावर उभे राहणे हा स्वस्त उपाय आहे: तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ती चरबी नव्हे, अडवलेले पाणी.

शरीराचा जुना अंदाज कधीच बरोबर येत नाही असे नाही. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरल्यावरचे पहिले नऊ दिवस म्हणजे नवतपा; मे अखेरच्या त्या दिवसांत रायपूरचा पारा ४२ अंशांच्या वर जातो. अशा वेळी जुलाब-उलट्या लागल्या तर अंगातले पाणी खरोखरच कमी झालेले असते, आणि मीठ-पाणी धरून ठेवणारी ती संप्रेरके खरोखरच हवी असतात. नेमकी तीच गोळ्यांनी अडवलेली असतात. रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडांना इजा होते. त्या दिवशी रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन आणि लघवीची गोळी घ्यायची की थांबवायची, हे सकाळीच डॉक्टरांना फोन करून विचारावे. एरवी यातली एकही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.